अप्पांच्या मागची पेटी

मुरुमच्या बाजारात कापूस पिंजणारा वली दर सोमवारी संध्याकाळी अंगावरचा कापूस झटकून पेटीवाला व्हायचा. महादेवाच्या देवळात शांतलिंगअप्पा पदं म्हणायचे आणि वली त्यांना साथ करायचा. अप्पांचं किराणा दुकान. स्वभाव तिरसट, पण गळा असा की भांडायला आलेलं माणूसही पद संपेपर्यंत बसून राही.

पहिल्याच सोमवारी तरणा वली उत्साहाच्या भरात अप्पांच्या आधीच पुढच्या ओळीवर जाऊन पोचला होता. अप्पा थांबले. भरल्या देवळात म्हणाले, "पेटी माझ्या मागनं येणार. पुढं पळायचं असंल तर रस्ता मोकळा हाय." वलीचे कान लाल झाले, पण गडी पळाला नाही. तेव्हापासून तो भात्यावर हात ठेवून बसायचा, "अप्पा, सूर द्या" म्हणायचा, आणि अप्पांनी सूर लावल्यावरच त्याची बोटं हलायची.

उतारवयात अप्पांचा दम तोकडा पडू लागला. मग सुटलेली ओळ वली पेटीवर पुरी करी, आणि ऐकणाऱ्याला वाटे, अप्पांनीच म्हटली. अप्पांना ते कळायचं. कौतुक करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. एकदा मात्र म्हणाले, "म्या गेल्यावर मला पद म्हणत पोचवा. पेटी तुझीच पायजे, वली." वलीनं मान डोलावली.

अप्पा गेले ते रझाकारांच्या धामधुमीत. गावात माणसं एकमेकांची नजर चुकवत होती. पिंजाऱ्याच्या वलीनं त्या मयताला जावं का, यावर हिंदूंत आणि मुसलमानांत, दोन्हीकडं कुजबुज झाली. वलीनं ती ऐकली, उपरण्यानं पेटी गळ्यात बांधली आणि निघाला.

अंगणात अप्पांना लिंगायत रीतीप्रमाणे मांडी घालून बसवलं होतं. कपाळाला विभूती, गळ्यात हार, अगदी पदाला बसावेत तसे. बाजूला त्यांना तसंच बसवून खांद्यावरून न्यायचं सजवलेलं विमान तयार होतं. टाळकरी धुळाप्पा म्हणाला, "वली, कर सुरू." टाळकऱ्यांना सवय अप्पांच्या मागं म्हणायची, त्यामुळं सगळे वलीकडं बघत राहिले. वलीनं भाता ओढला. बोटं पट्ट्यांवर गेली आणि तिथंच अडली. समोर अप्पा बसलेले असताना त्यांच्या आधी वाजवायचं कसं?

"अप्पा, सूर द्या," तो सवयीनं बोलून गेला.

मागून कुणीतरी पुटपुटलं, "न्हाय जमत तर उचला आता." अप्पांनी आयुष्यात एवढं एकच मागितलं होतं, आणि तेही हातून निसटत होतं. खांदेकरी पुढं सरकले.

"थांबा," अप्पांच्या पायाशी बसलेल्या शरणम्मा म्हणाल्या. अप्पांची ही बायको घराबाहेर कधी मोठ्यानं बोललेलीही कुणी ऐकली नव्हती. चुलीपाशी बसून जन्मभर ऐकलेलं नवऱ्याचं पद त्यांनी धरलं. आवाज खाली, थरथरता, आणि पहिल्याच ओळीत फुटला.

वलीनं डोळे पुसले नाहीत, हात मोकळे नव्हते. ओळ जिथं तुटली तिथून त्यानं ती उचलली आणि पुरी केली. शरणम्मांनी दुसरी ओळ धरली. धुळाप्पाचा टाळ वाजला.

विमान उठलं. शरणम्मा पद म्हणत चालल्या, आणि वलीची पेटी त्यांच्या मागनं गेली.