पदरावरचे सात मोर

अंबरनाथच्या कारखान्यात माझं काम म्हणजे तयार झालेले भाग मोजून बघायचे. केसभर फरक दिसला की लाल खडूची फुली, माल बाद. नव्वद सालच्या आसपास अशा या काटेकोर माणसाला विद्वान व्हायची हुक्की आली.

निमित्त आमच्या तळमजल्यावरची मावशी. ती बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. शुक्रवारी दिवेलागणीपासून तिची चूल बंद, बाकी सगळं आमच्यासारखंच, भांडणसुद्धा मराठीतूनच. तिच्याकडे सासूच्या हातची एक वही होती. लग्नाआधी मेंदीच्या दिवशी बायका म्हणतात ती गाणी त्यात होती. मुंबईत ज्यू संस्कृतीच्या अभ्यासकांचं एक मंडळ होतं आणि सभासद व्हायला अर्जासोबत काहीतरी अप्रकाशित दाखवावं लागे. मी वही मागितली.

"आठ दिवसांत परत दे," मावशी म्हणाली. "दिवाळीनंतर मी लेकाकडे चालले, इस्रायलला, कायमची. नातीच्या मेंदीला तिथं कोण गाणारंय? वही पाहिजे मला."

"मावशी, माझ्यावर भरवसा नाही?"

"इस्त्री नेलीस त्याला वर्ष झालं."

घरी बघतो तर एका गाण्याचं शेवटचं कडवं कधीतरी पाणी पडून धुऊन गेलेलं. विद्वानांपुढे अर्धं गाणं कसं ठेवायचं? समोर बायको उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पातल्या बाजारातून आणलेल्या साडीची घडी घालत होती. पदरावर मोर. सवयीनं मोजले, सात निघाले. शाईत चहा मिसळून तिला म्हातारी केली आणि त्या रिकाम्या जागेवर लिहून टाकलं: 'हिरव्या पदराला सात गं मोर, उंबऱ्यात थांबली नवरी पोर.'

मंडळाचे अध्यक्ष, एका कॉलेजातले सर, वही बघायला स्वतः घरी आले. भजी खाल्ली, पानं उलटली. "अमूल्य. समितीला दाखवतो, आठवड्यात परत."

"झेरॉक्स काढून देतो ना, सर."

"छे, त्या मशीनच्या उजेडानं जुनी शाई उडते."

माझी शाई तर चहाची. मी घाबरून वही त्यांच्या हातात दिली. त्याच आठवड्यात उल्हासनगरच्या पेंटरकडून पाटीही रंगवून आणली: 'ज्यू संस्कृतीचे अभ्यासक'.

मग माझी पत्रांवर पत्रं. सर बाहेरगावी. जिन्यात मावशी विचारायची, "आली का रे?" मी म्हणायचो, "समितीकडे आहे." दिवाळी तोंडावर आली तेव्हा सभासदत्वाचं कार्ड आलं, सोबत सरांच्या निबंधवाचनाचं निमंत्रण. मावशीच्याच इस्त्रीनं शर्ट कडक करून मी गेलो.

निबंधानुसार कोकणातल्या एका खेड्यात, फार पायपीट करून, सरांना एक वही सापडली होती. त्यांनी माझं कडवं दोनदा वाचलं. फुटलेल्या जहाजातून कोकणच्या किनाऱ्याला सात जोडपी लागली, त्यांच्यापासून हा समाज वाढला अशी कथा आहे. हे सात मोर म्हणजे तीच जोडपी, सर म्हणाले. सभागृह हललं.

मी उभा राहिलो. "सर, ती वही..."

"हे आपले नवे सभासद. कारखान्यात असतात. यांचंही सहकार्य झालं."

कडवं माझं आहे एवढं म्हटलं असतं तर सर तिथेच आडवे. पण मीही झालो असतो, आणि मावशीची सगळी गाणी बनावट ठरली असती. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

नंतर त्यांना जिन्यात गाठलं. "वही आता मंडळाच्या संग्रहात," सर म्हणाले. "तुम्ही सभासद आहात, कधीही येऊन बघा."

त्याच संध्याकाळी मावशीला सगळं सांगितलं, मोरांसकट. सरांवर ती चिडेल, मग दोघं मिळून त्यांना शिव्या घालू, असा माझा हिशेब होता.

"शेवटच्या कडव्यावर लिहिलंस?" तिनं विचारलं. "तिथं नवरीची आई बोलते. वही उन्हात धरली की अक्षरं दिसायची."

आयुष्यभर बारीक फरक शोधणाऱ्या मला वही उन्हात धरायचं सुचलं नव्हतं.

निघण्याआधी तिनं देवाचं नाव घेऊन मलिदा केला, गूळ-खोबरं घातलेले गोड पोहे. दर वेळी त्याची ताटली प्रत्येक बिऱ्हाडात जायची. त्या दिवशी आमच्याकडे आली नाही. "अहो, गडबडीत विसरल्या असतील," बायको म्हणाली. मी इस्त्री घेऊन खाली गेलो. मावशी बॅगेला दोरी बांधत होती. वर न बघताच म्हणाली,

"राहू दे तुलाच. सभांना जावं लागेल."