इंजन गरम हाय

घर्रर्र... चावी ड्रायव्हरच्या हातात आणि इंजन चालूच! हा आवाज मी तरुणपणी ऐकला, हदगावकडे कालव्याच्या कामावर. डंपर काही बंद होईना, उलट इंजनाचा आवाज चढतच चालला. आम्ही ओरडलो, "अरे, बंद कर!"

तो चावी दाखवत म्हणाला, "म्या केलाय हो! आता त्याला कुणीतरी सांगा!"

शेवटी इंजनात हवा जाते त्या पाइपावर ओलं पोतं दाबलं, तेव्हा कुठं तो गप्प झाला.

डंपरवाल्यांकडे असे किस्से खडीसारखे साचतात. एक उचलला की चार घसरून येतात. आता मी मुरुडजवळच्या एका खदानीवर गेटला बसतो. इथले बहुतेक किस्से सोपान ड्रायव्हरचे.

नव्या डंपरांना लाल बटन आलं. आग लागली तर ते दाबायचं, इंजन जागीच बंद. दसऱ्याला सोपाननं चालू डंपरची पूजा केली. स्टिअरिंगला कुंकू, गिअरला कुंकू आणि बटनालाही! अंगठा जरा जोरात टेकला. इंजन ठप्प!

युनूस मिस्त्री खालून म्हणाला, "सोपान, कुंकू लाव बाबा, ठोकू नको!"

केबिनमध्ये आग विझवायचा लाल सिलिंडरही होता. सेफ्टीच्या मॅडमनी विचारलं, "दादा, हा कशासाठी?"

"डबा अडकवायला!" सोपान म्हणाला. खरंच, भाकरीचा डबा त्यालाच लटकत होता.

मग मॅडमनी सराव घेतला. "आग! आग! दादा, बटन दाबा!"

सोपान बसूनच. "थांबा मॅडम, इंजन गरम हाय. जरा थंडावू द्या. असं झटक्यात बंद करून मारलं तर आतला टर्बो जळून जातो."

"मग आगीलाही सांगा, जरा थांब म्हणून!"

सगळे हसले. सोपान हसला नाही. गरम इंजन मारायचं नाही, हे त्याच्या हाडात बसलेलं.

संध्याकाळी मी म्हटलं, "लेकरा, खरंच लागली तर दाबशील न्हवं?"

"बघू, मामा."



परवा दुपारी गेटसमोरच त्याच्या डंपरचा डिझेलचा पाइप फुटला. तापलेल्या सायलेन्सरवर डिझेल उडालं आणि भडका झाला. मी ओरडलो, "सोपान, बटन!"

तो बटनाकडे नुसता बघत होता.

"अरे दाब रे, लेकरा!"

इंजन ठप्प झालं. सिलिंडर घेऊन तो खाली उतरला आणि सगळा आगीवर मारला. वाऱ्यानं पावडर त्याच्याच अंगावर आली. आग विझली तेव्हा तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झाला होता.

त्याची बायको सुशीला आमच्याच खडी फोडायच्या क्रशरवर कामाला. ती पळत आली.

सोपान रडवेला होऊन म्हणाला, "इंजन गरम होतं गं. तसंच मारलं."

तिनं त्याचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. पदरानं त्याच्या पापण्या पुसल्या. मग क्रशरकडे चालत गेली.