लिवेंची एदमे

आमच्या उपसागराच्या काठावर अर्धं गाव एकाच आडनावाचं. म्हणून माणसाला बापाच्या नि आज्याच्या नावानं ओळखायचं, आणि लग्न होऊन आलेल्या बाईला नवऱ्याच्या. माझी शेजारीण एदमे जन्मभर ‘तेओतीमची एदमे’ राहिली. गेल्या हिवाळ्यात तेओतीम वारला. तरी दुकानात, चर्चच्या पायरीवर ती तेओतीमचीच.

ऑगस्टात तिनं त्याची झोपायची सोय असलेली गाडी बाहेर काढली.

“एकटी कुठं निघालीस गं?” मी विचारलं.

“माहेरी, काराकेला. भाऊ गेले, घर विकलं. बघते, अजून कुणी लिवेंची लेक म्हणून ओळखतंय का.”

“आणि नाहीच ओळखलं तर?”

“तर येईन परत तुझी बडबड ऐकायला. दुसरं काय!”

किनाऱ्याकिनाऱ्यानं गेली. रोज नवा तळ. शेजारच्या तंबूंत पोरांचा कालवा, हिच्या स्टोव्हवर फ्रिको. कोंबडी-बटाट्याचा हा रस्सा एकीपुरता करायचा हातच नव्हता तिला. पातेलं भरायचं, मग तेच गरम करकरून खायची.

काराकेत तिनं जुनी आळी पालथी घातली. दारं उघडली ती परक्यांनी. गोड बोलले, पण परकेच. शेवटी ती जुन्या अकादी वस्तीच्या, म्हणजे आमच्या फ्रेंच पूर्वजांच्या वस्तीच्या, संग्रहालयात गेली. तिथं गावचीच माणसं दीडशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजांचे कपडे घालून त्यांच्यासारखी वावरतात. पाहुण्यांसमोर आजचं काही बोलायचं नाही, असा दंडक. भात्यापाशी लोहार होता, तिच्याच वयाचा.

“तू कुणाची गं बाय?”

सवयीनं तोंडून निघालं, “तेओतीमची.” मग घाईनं, “नाही, नाही! लिवेंची. ओनोरेच्या लिवेंची.”

लोहार थबकला. भोवती पर्यटक उभे. “लिवें? तो अजून जन्मायचाय!”

सगळे हसले. एदमेही हसली आणि गाडीत येऊन बसली.

जेवणाच्या सुट्टीत काचेवर टकटक झाली. लोहारच. “रागावलीस? भात्यापाशी खरं बोलता येत नाही गं. मी आल्सीद. तुझा लिवें म्हणजे जाळी विणणारा ना? डावखुरा?”

“छे! माझा बाप सगळं उजव्या हातानं करायचा, आमच्या पाठीत धपाटेसुद्धा. हेरिंग मासे धुरावर सुकवायचा.”

आल्सीदनं डोकं खाजवलं. “मग नाही आठवत. खोटं कशाला बोलू?”

एदमेनं पातेल्यावरचं झाकण काढलं. “बस. जेव. नाहीतरी उरणारच आहे.”

तो पोटभर जेवला. “कसा होता गं तो?” त्यानं विचारलं. ती सांगू लागली: केसांना धुराचा वास, म्हणून आई त्याची उशी वेगळी धुवायची... तेवढ्यात घंटा झाली.

“बाकीचं उद्या सांग हं!” म्हणत आल्सीद पळाला.

ती उद्यापर्यंत थांबली नाही. बाकीचं तिनं परत आल्यावर मला सांगितलं, माझ्या ओट्यावर बसून. मी मन लावून ऐकलं. पण मी पडले या किनाऱ्याची. कधी न पाहिलेला तिचा बाप मला काही डोळ्यांपुढे दिसेना, आणि ते तिच्या लक्षात आलं.