सीलबाईची कातडी

हार्प वाजवणारा तो आयरिश माणूस मला पहिल्या भेटीतच आवडला नाही. नवऱ्याच्या कंपनीत तो वेल्डिंग तपासायचा आणि सुटीच्या दिवशी त्यांच्याकडच्या जुन्या केल्टिक दंतकथा गाऊन सांगायचा. माझ्याच सोफ्यावर बसून मला म्हणाला, मधे कोणी बोललं तर मी वाजवायचं थांबवतो. अरे, घर कोणाचं?

नवरा तेव्हा परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. पाडव्याच्या कार्यक्रमाला त्याने या हार्पवाल्याला बोलावलं आणि गोष्ट मराठीत सांगायचं काम माझ्या गळ्यात मारलं. मला विचारलं नाही. कधीच विचारत नसे. नाशिकच्या शाळेतली माझी बिनपगारी रजा जूनमध्ये संपत होती, हजर झाले नाही तर नोकरी गेलीच. आणि माझा पासपोर्ट याच्या कपाटात, कुलपात. मागितला की म्हणायचा, "बघू." सहा महिने तेच ऐकून माझं डोकं फिरलं होतं.

शुक्रवारी, तिथल्या सुटीच्या दिवशी, दुपारी हॉल भरला. त्याने एक कडवं म्हणायचं, मग मी सांगायचं, असं ठरलं होतं. समुद्रातली सील किनाऱ्यावर कातडी उतरवते आणि बाई होते. एक कोळी ती कातडी पळवून लपवतो आणि तिच्याशी लग्न करतो. कातडीशिवाय तिला पाण्यात परत जाता येत नाही. मूळ गाण्यात ती आढ्याला खोचलेली होती. मी म्हटलं, "नवऱ्याच्या कपाटात. वरच्या खणात. मागितली की म्हणतो, बघू."

बायका आधी हसल्या, मग माझ्या नवऱ्याकडे बघू लागल्या. नवरा पहिल्या रांगेतून उठला.

चालू कार्यक्रमात सत्कार घुसवायचा ही आमच्या मंडळाची जुनी खोड. पाहुण्यांना निघायचं असतं, मग गाणारा सुरात असो नाहीतर रडत असो. नवऱ्याने ऐन कडव्यात हार्पवाल्याच्या खांद्यावर शाल टाकली, मांडीवर नारळ ठेवला आणि माझ्या हातातला माईक काढून घेतला. "उरलेली गोष्ट पुढच्या वर्षी," म्हणाला.

हार्पवाला उठलाच नाही. इंग्रजीत म्हणाला, "गोष्ट अर्धी टाकत नाहीत आमच्यात. तिला कातडी मिळाल्याशिवाय मी हलणार नाही." त्याला बिचाऱ्याला आमच्या घरातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो आपल्या गाण्यासाठीच हटून बसला होता.

मागच्या रांगेत रत्नागिरीकडच्या एक म्हाताऱ्या मुस्लिम बाई होत्या. मुलाच्या दुकानात गल्ल्यावर बसायच्या, आवाज खणखणीत. त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "द्या ना तिची तिला. तुम्हाला काय करायचीय?"

कोणी हसलं नाही. नवऱ्याचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

घरी आल्यावर त्याने पासपोर्ट जेवणाच्या टेबलावर आपटला. "चार लोकांत माझी अब्रू काढलीस."

"काढली," मी म्हटलं.

मेच्या शेवटी मी नाशिकला निघाले. तिकीट फक्त जायचं काढलं होतं.