आमेन होईपर्यंत

प्रार्थनेत डोळे झाकायचे की उघडे ठेवायचे, यावर आमच्या मंडळीत कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. झाकायचेच असतात. सासूबाई तर एवढ्या कडक, की माझ्या लेकीनं एक डोळा जरा किलकिला केला तरी त्यांना स्वतःच्या मिटल्या डोळ्यांनी तो दिसायचा. "देवबापापुढं बसलीस का बाजारात?" एवढंच म्हणायच्या. डोळे झाकायचा हा प्रश्न माझ्यापुढं खऱ्या अर्थानं उभा राहिला तो चारा छावणीत, आणि तोही एका खोंडामुळं.

त्या वर्षी पावसानं आमच्याकडं तोंडच दाखवलं नाही. विहिरी गेल्या, बोअर गेले. कपिलधारच्या धबधब्यावर जाऊन आलेले लोक सांगत होते की धारेच्या जागी कातळावर नुसता ओला डाग राहिलाय. सहकारी साखर कारखान्याला गाळायला ऊस नव्हता, त्यामुळं त्याचं आवार मोकळं पडलं होतं. तिथं सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली. नवरा पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर, त्याचा घरी पत्ता नसायचा. सासूबाईंचे गुडघे कामातून गेलेले, लेक लहान. उरलो मी आणि आमची गाभण म्हैस. आम्ही दोघी छावणीत आलो.

छावणीचा नियम साधा होता. जनावरापाशी त्याचं माणूस पाहिजे. म्हशीच्या कानात बिल्ला ठोकला होता आणि हजेरी कधीही व्हायची. बिल्ल्याजवळ माणूस दिसलं नाही की दुसऱ्या दिवशीचा चारा बंद. म्हैस दाव्याला बांधलेली आणि मी म्हशीला. चर्च तालुक्याला, एसटीनं जाऊन यायचं तर अर्धा दिवस मोडणार. रविवारी उपासनेच्या वेळेला मी शेण भरत असायचे आणि मनातल्या मनात गीत म्हणायचे. दुसऱ्या कडव्याला कुणाची तरी म्हैस सुटायची आणि सगळ्यांबरोबर मीही काठी घेऊन धावायचे. मला तिथं कोंडल्यासारखं व्हायचं. डोक्यावर छप्पर नव्हतं, चारी बाजूंनी उघडं माळरान होतं, तरी कोंडल्यासारखंच.

एक गोष्ट मात्र मी सासूबाईंना कबूल करून आले होते. दिवेलागणीला त्या घरी लेकीला घेऊन प्रार्थनेला बसतील, त्याच वेळी मी इथं गुडघे टेकीन. तेवढा एकच धागा राहिला होता, घराशीही आणि देवाशीही. तो तुटला तर मी आणि म्हैस यांत फरक तो काय राहणार, असं मला खरोखर वाटायचं.

आणि नेमका दिवेलागणीलाच चारा वाटायचे. पोट भरेल एवढा तो कधीच नसायचा. लांबून आणलेल्या उसाच्या वाढ्यांची एक पेंढी आणि वर चिमूटभर पेंड, त्यात पोटातल्या रेडकाचाही वाटा. शेजारच्या जागेत एका म्हातारीचा खोंड होता. आमच्यामध्ये चुन्याची रेघ मारलेली होती, पण खोंडाला चुना काय कळणार? मुरमाड जमिनीत खुंटी ठरायची नाही. स्वतःचा चारा दोन घासांत संपवून तो खुंटी उपटायचा आणि थेट आमच्या पेंढीत तोंड घालायचा. मी डोळे झाकले रे झाकले की हा हजर.

म्हातारीनं मला पहिल्यांदा तसं बसलेलं पाहिलं तेव्हा लांबूनच ओरडली, "आगं ए पोरी, ऐन दिवेलागणीला कावून पेंगतीस?"

"पेंगत न्हाई मावशी, प्रार्थना करतीय."

"मंग डोळे कावून झाकतीस? देव चोर हाय का?"

"देव न्हाई, तुमचा खोंड चोर हाय," मी म्हणाले. तिथून आमचं जुंपलं ते रोजचंच झालं.

तिचीही अडचण होती, पण ती समजून घ्यायची माझी तेव्हा तयारी नव्हती. तिच्या गळ्यात कापडात बांधलेलं लिंग होतं. अंगावर तांब्याभर पाणी घेतल्याशिवाय ती ते हातात घेत नसे, आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात घास घालत नसे. माणसांसाठीचा टँकर यायचा संध्याकाळी. म्हणजे तिची पूजाही दिवेलागणीलाच. ती डाव्या तळहातावर लिंग घेऊन एकटक बघत बसायची, मी डोळे मिटून बसायचे, आणि आमच्या दोघींच्या भक्तीवर खोंड पोसला जायचा.

एका रविवारी दुपारनंतर आमच्या चर्चचे पाळकसाहेब मोटरसायकलवर मला भेटायला आले. मला एवढं बरं वाटलं की रडूच आलं. दिवेलागणीला चारा वाटून होईपर्यंत बसले, आणि निघताना त्यांनी प्रार्थना धरली. दुष्काळासाठी, सरकारसाठी, माझ्यासाठी, म्हशीसाठी. प्रार्थना जोरदार झाली आणि लांबलीही. आमेन म्हणून डोळे उघडले तर पेंढी अर्धी गायब. साहेब ओशाळले. "ताई, रोज गुडघ्यावर बसणं जमलं नाही तरी चालेल. देव समजून घेतो."

"देव समजून घेतो साहेब, म्हैस घेत नाही," मी म्हणाले. ते हसले. मला मात्र हसू येत नव्हतं. त्यांनी मोटरसायकलला किक मारली आणि चर्चच्या दिशेनं गेले, आणि त्यांच्यामागची धूळ खाली बसेपर्यंत मी बघत राहिले. ज्याला जाता येतं त्याला सगळंच सोपं वाटतं, असं काहीतरी कडू माझ्या मनात आलं.

दुसऱ्या संध्याकाळी मी म्हातारीपुढं जाऊन उभीच राहिले. म्हशीच्या बरगड्या दाखवल्या. "मावशी, असंच चाललं तर ही व्यायच्या आधीच बसंल."

तिनं म्हशीच्या पोटावरून हात फिरवला, बराच वेळ. मग म्हणाली, "येकीनं खोंड धरावा, दुसरीनं देव. पाळी लावू."

"आधी कोण?"

"तू घे आधी. तुज्या घरची तिकडं बसली असतील. माजा देव माज्याच गळ्यात हाय, कुठं जातोय?"

तिच्या या बोलण्याचा मला हेवा वाटला. माझा देव सगळीकडं आहे, हे मला पाठ होतं. पण छावणीत आल्यापासून तो तालुक्याच्या चर्चमध्ये बसून राहिलाय आणि मी इथं, असंच वाटत होतं.

पाळी सुरू झाली. म्हातारी अंघोळ उरकून ओल्या केसांनी खोंडाची वेसण धरून उभी राहायची. मी गुडघे टेकायचे. आता डोळे मिटायला कुणाची हरकत नव्हती, तरी आत काही उजळायचं नाही. कडबाकुट्टीच्या यंत्राची घरघर आणि गोमूत्राचा वास. मी एकच वाक्य घोकायचे, "प्रभू, मला इथून सोडव." मी देवावर चिडायचे, त्याला सुनवायचे, आणि मग घाबरून क्षमा मागायचे. म्हातारी कंटाळायची. आमेन हा शब्द तिला ओळखीचा झाला होता. तो ऐकला की "सुटले बाई" म्हणून वेसण माझ्या हातात द्यायची. मग ती बसायची आणि मी उभी.

असे किती दिवस गेले कुणास ठाऊक. एका संध्याकाळी मी त्याच वाक्यावर होते, "मला इथून सोडव," आणि म्हातारीचा आवाज फुटला.

"आमेन म्हण! पोरी, लौकर आमेन म्हण! म्हैस व्याया लागली!"

डोळे उघडले तर म्हैस आडवी पडलेली आणि रेडकाचे दोन्ही पाय बाहेर. आमेन म्हणायला सवड कुठं होती! मी धावले. म्हशीत जोर द्यायला ताकदच उरली नव्हती. कळ आली की आम्ही दोघी मिळून ओढायचो. म्हातारी खोंडाला सोडून गुडघ्यांवर आली होती, माझ्याच प्रार्थनेच्या जागेवर. माझ्या तोंडून नुसतं "प्रभू, प्रभू" निघत होतं आणि तिच्या तोंडून "शिवा, शिवा". रेडकू खाली पडलं ते निपचित. म्हातारीनं त्याच्या नाकात बोट घालून घाण काढली, छाती चोळली, पुन्हा चोळली. शेवटी ते शिंकलं. वगार होती, म्हशीची लेक. म्हशीनं मान वळवून तिला चाटायला घेतलं आणि मी जमिनीवर बसून हमसून हमसून रडले. तोवर खोंडानं आमची सगळी पेंढी फस्त केली होती, आणि त्याला कुणी हटकलं नाही.

मग म्हातारीनं स्वतःकडं पाहिलं. हातापायांना, लुगड्याला, सगळीकडं चिकटा. अंघोळीचं पाणी मघाशीच संपलं होतं. जनावरांच्या हौदातलं पाणी लाळेनं फेसाळलेलं, ते काही ती घेणार नाही. ती एवढंच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. येक दिस उपाशी न्हाई मरत."

माझ्या घागरीत तळाला रात्रीचं प्यायचं पाणी होतं. दुसऱ्या देवाच्या पूजेला हात लावायचा नाही, हे सासूबाईंनी मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच बजावलं होतं. मला ते आठवलंही. मी घागर उचलली आणि तिच्या हातांवर, खांद्यांवर सगळं पाणी ओतलं. ती नको नको म्हणत राहिली, पण हात पुढंच होते.

ती तळहातावर लिंग घेऊन बसली. मी खोंडाची वेसण धरली. दिवेलागण सरत आली होती. घरी लेक आजीजवळ बसली असेल, एक डोळा किलकिला करून. उद्याही हजेरी होती, परवाही, आणि आभाळात ढगाचं नाव नव्हतं. सोडव म्हणून पुन्हा सांगावं असं मनात आलं, पण ते वाक्य काही तोंडात येईना. समोर वगार थरथरत पायांवर उभी राहू बघत होती, पडत होती. मी तिच्याकडं, म्हशीकडं, म्हातारीच्या ओल्या पाठीकडं बघत, उभ्या उभ्या, राहिलेलं आमेन म्हटलं.

म्हातारीनं तळहातावरची नजर न काढता विचारलं, "आज डोळे न्हाई झाकलेस?"

"खोंड कोण धरील मावशी?" मी म्हणाले.