नऊ पूर्णांक चार

रीकरबाईंना राग आला की त्यांचा आवाज खाली जायचा. नवखी माणसं त्याला शांतपणा समजत आणि फसत. मी त्यांच्याबरोबर अकरा वर्षं गाड्यांच्या तुलना केल्या. त्या मोजायच्या, मी लिहायचो. एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज पार तळाला गेलेला मी एकदाच ऐकला, गेल्या ऑक्टोबरात.

आमचं गाड्यांचं पाक्षिक वाइलडॉर्फमधून निघतं. गावात मोटारींचा एक कारखाना आहे आणि प्रत्येक घरातलं एक तरी माणूस तिथे असतं. बाईंच्या घरातलं माणूस म्हणजे त्यांचे यजमान एवाल्ड, तिथल्या खरेदी विभागाचे प्रमुख.

बाई मूळच्या वजनमाप खात्यातल्या. विशीत असताना त्या खाटकांच्या दुकानांत तराजू तपासत हिंडायच्या. एकदा एक खाटीक म्हणाला, "बाई, कागदाचं वजन सगळेच धरतात." त्या म्हणाल्या, "सगळे धरतात म्हणून कागदाला मांसाची चव येते का?" त्याचा तराजू आठवडाभर बंद राहिला. गाव अजून ती गोष्ट सांगतं, त्यांच्यामागे, हसत, आणि थोडं जपून.

पाक्षिकात आल्यावर त्यांनी पेट्रोल मोजायची रीत बसवली. एकच पंप, एकच नळी. टाकी काठोकाठ भरायची, फेस बसेपर्यंत थांबायचं, पुन्हा भरायची. मग एकशे ब्याऐंशी किलोमीटरची फेरी: गाव, शेतांतले रस्ते, आल्ब डोंगराचा घाट, महामार्ग. परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ. नियमांच्या कागदावर पहिलं वाक्य त्यांच्याच हातचं होतं: गाडी मालक चालवतो तशी चालवून मोजावी. तक्त्याखाली बावीस वर्षं एकच ओळ छापली जायची, मोजमाप: गुडरून रीकर. लोक तक्ते कापून फायलींत लावून ठेवत. तक्त्याच्या वर मी जे लिहायचो ते कोणी कापून ठेवल्याचं मला ठाऊक नाही.

ऑक्टोबरात कारखान्याची नवी मोठी सेडान आली. पेट्रोलचं इंजिन, शिवाय केबल लावून चार्ज करायची बॅटरी. वजन सव्वादोन टन. तिच्यासमोर दोघी होत्या. एक स्वीडिश, तीही केबलवाली. दुसरी जपानी, ती आपली वीज चालता चालता आपणच तयार करते, तिला केबल लागतच नाही.

घाट चढताना बाई म्हणाल्या, "ही खुर्ची माझ्या कमरेला काय करतेय?"

"मालिश, बाई. सात प्रकारची."

"बंद कर. मी कामावर आहे."

बॅटरी भरलेली असताना नवी गाडी शंभर किलोमीटरला तीन पूर्णांक एक लिटर प्यायली. दुसऱ्या दिवशी रिकाम्या बॅटरीने तीच फेरी मारली. बाई पंपावर वाकून फेस बसायची वाट बघत होत्या. मग त्यांनी वहीत लिहिलं आणि वही माझ्याकडे फिरवली. नऊ पूर्णांक चार. स्वीडिश गाडीचे आकडे चार पूर्णांक चार आणि आठ पूर्णांक एक. जपानी दोन्ही दिवशी सहा पूर्णांक दोन.

"तक्त्यात एकच आकडा जातो," मी म्हणालो. "कुठला?"

"मालक चालवतो तो."

आमचे संपादक लांब्रेख्ट हॅम्बुर्गचे. उंच, गोड बोलणारे. नव्या गाडीवरचं मुखपृष्ठ तयार होतं, त्यावर 'विजेती' हा शब्दही बसवलेला होता. तो मीच सुचवला होता. त्यांनी बाईंची वही पाहिली आणि हसले.

"रीकरबाई, रिकाम्या बॅटरीने मोजायचं म्हणजे घोड्याचे पाय बांधून शर्यत लावायची."

"पाय मालकांनीच बांधलेत, साहेब."

"एक लाख वीस हजार युरो मोजणारा माणूस रात्री केबल लावणार नाही? काहीतरीच."

"तो एक लाख वीस हजार मोजत नाही. त्याची कंपनी मोजते."

"तो लावतो. मी तीन पूर्णांक एक छापणार."

बाईंचा आवाज उतरला. "खाली गराजमध्ये सात उभ्या आहेत. याच गाडीचं आधीचं मॉडेल. आपल्याच वरिष्ठांच्या. चाव्या पहारेकऱ्याकडे आहेत. डिक्या उघडू या."

लांब्रेख्ट नाही म्हणू शकले असते. पण खोलीत पाच माणसं होती, आणि त्या सातांतल्या आपल्या गाडीच्या डिकीत काय आहे ते लांब्रेख्टांना बहुधा आठवत नव्हतं.

आम्ही खाली गेलो. या गाड्यांची केबल करड्या कापडी पिशवीत येते; आत प्लास्टिक, प्लास्टिकवर कारखान्याची चिकटपट्टी. पहिल्या डिकीत पट्टी शाबूत. दुसरीत शाबूत. तिसरीत पिशवीवर दारूचे खोके. चौथी लांब्रेख्टांची. बाईंनी कुत्र्याचं अंथरूण बाजूला केलं, केसांनी भरलेली पिशवी उघडली आणि पट्टीवरची तारीख मोठ्याने वाचली. दोन वर्षं सात महिने जुनी. सातांपैकी एकच फोडलेली निघाली, हिशेबखात्याच्या प्रमुखबाईंची.

लांब्रेख्टांचे कान लाल झाले होते. "फार छान," ते म्हणाले. "बावीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या डिक्या बघताय. आठवी तुमच्या घरी उभी आहे ना? एवाल्ड साहेबांची?"

"ती रोज रात्री चार्ज होते. भिंतीवर डबा बसवलाय. रोज दिवा बघून झोपते मी."

"मग तीही मोजा. आठही छापू, तुमच्या घरची म्हणून सांगून. आणि खाली तुमचा नऊ पूर्णांक चार. कबूल?"

"कबूल."

सायंकाळी पाचच्या सुमाराला मी त्यांना नव्या गाडीतूनच घरी सोडलं. त्या म्हणाल्या, साक्षीदार म्हणून आत ये. एवाल्ड गराजसमोर पानं झाडत होते. त्या आठवड्यात गल्ली झाडायची पाळी त्यांच्या घराची होती.

"डिकी उघड," बाई म्हणाल्या.

"नमस्कार तरी कर आधी. पाहुणा आलाय."

"एवाल्ड, डिकी उघड."

उघडली. करडी पिशवी. प्लास्टिक. पट्टी शाबूत.

मी भिंतीकडे पाहत राहिलो. चार्जिंगच्या डब्यावर दिवा लागलेला होता. हिरवा. डब्याची केबल लावायची खोबण कोळ्याच्या जाळ्याने भरली होती. दिव्याखाली छापलेलं होतं: हिरवा, तयार; निळा, चार्ज होत आहे.

बाईंनी ते वाचलं. मला वाटतं पहिल्यांदाच. ग्रॅमपर्यंत तराजू तपासणारी बाई तीन वर्षं खिडकीतून एक हिरवा ठिपका बघून, झालं म्हणून झोपत होती.

"तीन वर्षं," त्या म्हणाल्या. आवाज एवढा खाली गेला होता की एवाल्डना पुढे वाकावं लागलं.

"अगं, हिशेब कर. पेट्रोलचं कार्ड कंपनीचं आहे, वीज आपल्या मीटरवर येते. स्वतःच्या खिशातून कोण भरेल? विभागातलं कोणीच नाही लावत."

"आणि केबलवाली गाडी म्हणून निम्मा कर भरतोस."

"तो कायदाच आहे."

"मी विचारलं होतं तुला. तू म्हणालास, दिवा लागलाय ना."

"लागलाच होता की."

हे ते निर्मळ चेहऱ्याने म्हणाले. चाळीस वर्षं खरेदी केलेल्या माणसाचा चेहरा. खोटं न बोलता समोरच्याला फसू द्यायची सवय झालेला. मला त्यांचा तेव्हा संताप आला. आणि लगेच ते मला, पुरुषांनी पुरुषाला म्हणावं तसं म्हणाले, "योस्ट, तू काही पाहिलं नाहीस. ती सांगेल, मी केबल लावतो म्हणून. माझं नाव छापलं तर सोमवारी मी जेवणघरात तोंड कसं दाखवू?"

"मी काही पाहिलं नाही, बाई," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे वळल्या. आधीच्या सगळ्या रागांत त्यांना थोडी मजाही वाटत असावी; हा राग वेगळा होता. "तू नेहमीच काही पाहत नाहीस, योस्ट. म्हणून तुझं लिखाण एवढं गुळगुळीत होतं. मी आत्ता तुला या गाडीखाली घातलं असतं, पण ती आपल्याला परत करायची आहे."

एवाल्ड झाडू भिंतीला टेकवत म्हणाले, "गुडरून, हा तुझा आकडा म्हणजे मी आहे. समजतंय ना तुला?"

"समजतंय."

"आणि तरी?"

त्यांनी डिकी बंद केली. आपटली नाही, हाताने दाबून लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लांब्रेख्टांसमोर उभ्या राहिल्या आणि मला उभ्याउभ्या मजकूर सांगितला. आठ गाड्या तपासल्या. सात केबल न फोडलेल्या. आठवी गाडी मोजमाप करणाऱ्या बाईंच्या यजमानांची, आणि तीही त्या सातांत. लांब्रेख्टांनी पेन खाली ठेवलं.

"बाई, शेवटचं वाक्य काढतो. मी बोललो ते रागात बोललो."

"मीही रागातच आहे. राहू द्या ते."

"गावात राहायचंय तुम्हाला."

"तराजू बंद केला तेव्हाही राहायचंच होतं."

छापलं गेलं. नऊ पूर्णांक चार तक्त्यात गेला, जपानी पहिली आली, आपली तिसरी. मुखपृष्ठावरचा माझा शब्द उतरवावा लागला. कारखान्यातून कोणी फोन केला नाही. त्यांनी पुढच्या वेळी गाडी पाठवली नाही, एवढंच. एवाल्ड सोमवारी जेवणघरात गेले. त्यांच्या टेबलावर कोणीतरी एक करडी पिशवी ठेवली होती. ते ती घेऊन घरी आले आणि दहा दिवस बायकोशी बोलले नाहीत. गल्ली मात्र त्यांनी वेळेवर झाडली.

नोव्हेंबरात आम्ही दुसऱ्या तीन गाड्या घेऊन पंपावर उभे होतो. बाई वाकल्या होत्या, फेस बसायची वाट बघत. मला राहवलं नाही.

"आता तरी लावतात का केबल?"

"दिवा निळा असतो," त्या म्हणाल्या.

"मग झालं तर."

"काय झालं? दिवा सांगतोय ते. मी मीटर वाचलेलं नाही अजून." त्यांनी नळी थोडी दाबली, पुन्हा थांबल्या. "तीस तारखेला वाचणार आहे. त्यालाही सांगून ठेवलंय."