पिंपात बुडवलेला गठ्ठा

आमची आत्या माफ करत नाही. शाळेत जिनं तिची कंपासपेटी मोडली तिच्याशी ती अजून बोलत नाही, आणि आता दोघींचे केस पिकलेत. तिच्या प्लांटच्या साहेबांनी कुणाशी पंगा घेतला हे त्यांना वेळीच कुणीतरी सांगायला हवं होतं. मी मुळीच सांगितलं नसतं.

आत्या सांडपाण्याच्या प्लांटवर ऑपरेटर. अख्ख्या वसाहतीचं मोरी-संडासाचं पाणी तिथे येतं. टाकीतले जिवाणू त्यातली घाण खातात आणि मग ते पाणी मेम्ब्रेनमधून ओढून घेतात. मेम्ब्रेन म्हणजे पोकळ पांढऱ्या दोऱ्यांचे गठ्ठे. दोऱ्यांच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. पाणी आत शिरतं, घाण बाहेर राहते. ते पाणी पुन्हा वसाहतीच्या फ्लशला नि बागेला जातं. आजोबा त्याच प्लांटवर फिटर होते. लेकीला स्पॅनर धरायला त्यांनीच शिकवलं. "हिच्या हाताला मशीन ऐकतं," असं चारचौघांत सांगायचे, आणि आत्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग तो प्रकार झाला. पाणी आत येतं तिथे एक बारीक जाळी असते, केस आणि कपड्यांचे धागे अडवायला. पाहुणे प्लांट बघायला येणार होते आणि जाळी सारखी तुंबत होती. साहेब घायकुतीला आले. "उचलून ठेव दोन दिवस," म्हणाले. आत्या नको म्हणाली. त्यांनी समोर उभं राहून उचलायला लावली, आणि दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. केस आत गेले, दोऱ्यांच्या मुळाशी गुंडाळले, त्यांचे वळलेले दोरखंड झाले आणि दोऱ्या तुटल्या. लोकांच्या फ्लशला गढूळ पाणी आलं, वसाहत पेटून उठली. साहेबांनी सगळं खापर आत्याच्या डोक्यावर फोडलं. म्हणे, हिनं तारेच्या ब्रशनं घासून दोऱ्या कापल्या. तारेचा ब्रश! जी बाई त्या गठ्ठ्यांना हात लावायच्या आधी नखं कापायची, ती!

शिक्षा म्हणून तिला जाळीवर टाकलं. दिवसभर दाताळ्यानं कचरा ओढायचा. तेही तिनं गिळलं असतं. पण त्या दिवशी जेवताना आजोबा म्हणाले, "साहेब कशाला खोटं बोलतील? तूच हलगर्जीपणा केला असशील." आत्या भरल्या ताटावरून उठली, पिशवी भरली आणि गल्लीच्या टोकाला खोली घेतली. बापाशी बोलणं बंद.

"साहेबांच्या तोंडून वदवून घेईन," मला म्हणाली, "आणि तेही बाबांना समोर बसवून."

भंगारात निघालेल्या गठ्ठ्यांतला एक तिनं मागून घेतला आणि प्लांटच्या शेडमागे पिंपात बुडवून ठेवला, साहेबांच्या वरचं कुणी तपासायला येईल त्या दिवसासाठी. दोऱ्या एकदा सुकल्या की छिद्रं मिटतात, मग तपासून उपयोग नाही. म्हणून दर आठवड्याला पाणी बदलायचं, किंचित ब्लीचिंग घालायचं. सहा वर्षं! तापानं फणफणली होती तेव्हा मला पाठवलं. लोक विचारायचे, "काय बाई, मासे पाळलेत का?"

"हो," आत्या म्हणायची, "एक मोठा धरायचाय."

यंदा उरलेल्या गठ्ठ्यांच्या जागी नवे मेम्ब्रेन घ्यायचे ठरले आणि मुख्य कार्यालयातून एक मॅडम आल्या. सहा वर्षांपूर्वीचे का तुटले ते कळल्याशिवाय नवे मिळणार नाहीत म्हणाल्या. साहेबांनी पुन्हा ब्रशची टेप लावली. आत्या दाताळं टाकून पुढे गेली. "मॅडम, त्यातला एक गठ्ठा आहे माझ्याकडे. हवा सोडून बघा. फक्त तासभर थांबा, माझे वडील यायचेत."

मी आजोबांना गाडीत घालून आणलं, खुर्चीत बसवलं. आत्यानं गठ्ठा स्वच्छ पाण्याच्या टाकीत सोडला, नळी जोडली आणि आतून हवा दिली. धड दोरी बुडबुडे सोडत नाही, तुटलेली सोडते. मधल्या भागात, जिथे ब्रश फिरतो, तिथे एकही बुडबुडा नाही. सगळे मुळाशी, जिथे बोटसुद्धा शिरत नाही. आत्यानं चिमट्यानं तिथून केसांचा दोरखंड ओढून काढला, चांगला हातभर, आणि साहेबांच्या बुटांपुढे टाकला.

"जाळी कुणी उचलायला लावली?" मॅडमनी विचारलं.

साहेब काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं," आत्या म्हणाली. "बाबांना कमी ऐकू येतं."

तीनदा बोलायला लावलं त्यांना. "मी लावली. हिनं नको म्हटलं होतं." तिसऱ्यांदा आवाज चिरकला आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! त्यांची चौकशी लागली. आत्या पुन्हा ऑपरेटर झाली.

आजोबा तिथेच रडायला लागले. "चुकलो गं पोरी. घरी चल."

आत्या हात पुसत म्हणाली, "तुम्हाला साहेबच खरे वाटले ना? त्यांना न्या घरी." आणि कामाला गेली.

मला वाटलं, चार दिवसांत निवळेल. पाच महिने झाले. आजोबा सकाळी दारात बसून राहतात, ती समोरून कामाला जाते आणि मान वळवत नाही. परवा मी तिला रस्त्यात गाठलं. "आत्या, बास आता! साहेबांवर सूड उगवायचा होता, उगवलास की."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "साहेब माझा कोण लागतो गं? त्याच्यासाठी सहा वर्षं घालवीन मी?"